पूर्वजांचे आकडे तपासावेत का?

दर १७ डिसेंबरला माझ्या फोनवर दोन मेसेज हमखास येतात. पहिला राइट बंधूंच्या उड्डाणाची आठवण करून देणारा. त्याच्या पाठोपाठ दुसरा, 'त्यांच्या आठ वर्षं आधी मराठी माणसाने मुंबईत विमान उडवलं होतं' असं ठणकावणारा, खाली 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. त्यावर कुणी शंका काढलीच, तर पुरावा येत नाही, आरोप येतो: 'तुला आपल्या माणसांचं कौतुकच नाही.'

मला हा आरोप हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. त्यात एक खरा प्रश्न आहे. आपल्या माणसाच्या मोठेपणाचा पुरावा मागणं हा कृतघ्नपणा आहे का? आईने केलेल्या कष्टांच्या पावत्या कुणी मागत नाही. मग शिवकर बापूजी तळपदे यांच्याकडे का मागायच्या?

गोष्ट अशी सांगितली जाते की १८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं माणूस नसलेलं विमान उडवलं, ते दीड हजार फूट वर गेलं आणि खाली पडलं. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड तिथे हजर होते, असंही म्हणतात. तळपदे ही खरी व्यक्ती. चिराबाजारात राहणारी, वेदांत रमणारी, यंत्रांचा ध्यास घेतलेली. पण त्या उड्डाणाचा त्याच काळातला भक्कम पुरावा नाही. छायाचित्र नाही, इंजिनाचं वजन नाही, पंख्यांचं माप नाही. २०१५ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला. त्याच वर्षी मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंधही वाचला गेला. त्या चर्चेत ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ सालीच तपासलं होतं. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातलं एकही यान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तपासणारे पाचही जण भारतीयच होते, हे मेसेजमध्ये कधी येत नाही.

आता ज्यांच्याशी आपण स्पर्धा लावतो, त्या राइट बंधूंकडे बघू. त्यांचाही एक पूर्वज होता. रक्ताचा नव्हे, विद्येचा: जर्मनीचा ओटो लिलिएनथाल. या माणसाने बर्लिनजवळच्या टेकड्यांवरून स्वतः बनवलेले पंख बांधून दोन हजारांच्या आसपास उड्या घेतल्या. हवा पंखाला किती उचलते याचे तक्ते केले. ९ ऑगस्ट १८९६ला तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. ही बातमी वाचूनच विल्बर राइटची उड्डाणाची ओढ पुन्हा जागी झाली.

दोघा भावांनी त्याच्या तक्त्यांवर भिस्त ठेवून ग्लायडर बांधला. १९०१ साली तो हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल द्यायला लागला. ज्याने आकड्यांसाठी जीव दिला, त्याचेच आकडे संशयित. अशा वेळी श्रद्धावान माणूस दोष स्वतःकडे घेतो, उद्धट माणूस गुरूला मोडीत काढतो. यांनी सायकलच्या दुकानात सहा फुटांची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि त्या वाऱ्यात पंखांचे छोटे छोटे नमुने ठेवून मोजत बसले. दोनेकशे नमुने! निघालं ते वेगळंच. लिलिएनथालचे तक्ते त्याच्या पंखाच्या आकारापुरते बरेचसे बरोबर होते. मोठी गफलत होती ती सगळेच वापरत आलेल्या अठराव्या शतकातल्या एका गुणकात. तो ०.००५ धरला जायचा, भावांच्या मोजणीत ०.००३३च्या आसपास आला.

म्हणजे तपासणीने पूर्वज लहान झाला नाही, उलट त्याच्यावरचा आळ बराचसा उतरला. पुढे विल्बरने एकोणिसाव्या शतकात उड्डाणासाठी झटलेल्यांमध्ये लिलिएनथालला सर्वांत वरचं स्थान दिलं. त्या कौतुकाला वजन आहे ते त्या पेटीमुळे. न तपासता केलं असतं, तर ते सुताराच्या देवघरासारखं झालं असतं: शोभिवंत, पण घराचा भार न पेलणारं.

पाश्चात्त्य लोक सत्यप्रेमी आणि आपण भोळे, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युअल लँग्ली यांचं माणूस नेणारं विमान ८ डिसेंबर १९०३ला पोटोमॅक नदीत पडलं. राइट नऊ दिवसांनी उडाले. संस्थेला हे पचलं नाही. १९१४ साली लँग्लींचं यंत्र बरेच फेरफार करून थोडंसं उडवलं गेलं आणि 'उड्डाणक्षम असं पहिलं विमान' अशी पाटी लावून संग्रहालयात मांडलं गेलं. चिडलेल्या ऑर्विलने १९२८मध्ये आपलं विमान लंडनला धाडून दिलं. संस्थेने चूक छापील कबूल करायला १९४२ उजाडलं. विमान घरी परतलं १९४८ला, ऑर्विलच्या मृत्यूनंतर. येताना करार घेऊन आलं: याआधी दुसरं विमान माणसाला घेऊन उडू शकत होतं असं संस्थेने म्हटलं, तर विमान परत जाईल. मला हा करार खटकतो. खरं सांगणाऱ्यांच्या वारसांनीही शेवटी तोंडाला कुलूप लावलं.

लँग्लींच्या वाट्याला नक्की खरं असलेलं एक यश होतं: ६ मे १८९६ला त्यांचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं यान तीन हजार फुटांहून जास्त अंतर उडालं होतं, आणि ग्रॅहम बेल यांनी त्याचा फोटो काढला होता. खोट्या पाटीच्या गदारोळात लोक ते यश विसरले.

तळपद्यांबाबत मला हीच भीती वाटते. १८९५च्या मुंबईत, पैशांचं पाठबळ नसताना, एक माणूस हवेपेक्षा जड यंत्राचा विचार करत होता. तो पंख कशाचे करत होता? वाफ वापरणार होता की दुसरं काही? चिराबाजारात त्याला कुणी लोहार-सुतार साथ देत होते का? 'पुढे पाठवा'वाल्यांना यातलं काहीच विचारायचं नसतं. त्यांना फक्त तारीख हवी असते, राइटांच्या आधीची.