एकाचा जीव, इतरांची सोय

अटलांटिक महासागर हा अलीकडे मनुष्याला महासागर वाटेनासा झाला आहे. १९१९ च्या जून महिन्यात अल्कॉक आणि ब्राउन हे दोघे न्यूफाउंडलंडहून उघड्या विमानात बसून निघाले आणि सुमारे सोळा तासांनी आयर्लंडमधील एका दलदलीत विमानाचे नाक खुपसून उतरले. जिवंत पोहोचलो, हीच त्यांची सोय होती. आज तोच समुद्र ओलांडणारा उतारू गुडघे पुढच्या आसनाला टेकतात, अन्न निवालेले मिळते, कोरड्या हवेने ओठ सुकतात, अशा तक्रारी करतो. आणि त्या खोट्या आहेत असेही नाही. सात-आठ तास हातभर जागेत बसून राहणे ही एक शिक्षाच आहे. पण या सर्वांहून मोठी तक्रार असते ती विमान वाट सोडून भलत्याच गावी उतरल्याची.

यंत्र बिघडल्यामुळे विमान वळले तर कोणी कुरकुरत नाही, कारण तेथे जीव सर्वांचाच असतो. २००१ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोहून लिस्बनला चाललेल्या एका विमानाचे इंधन रात्री समुद्रावर गळून संपले, दोन्ही इंजिने बंद पडली, आणि ते सुमारे एकोणीस मिनिटे नुसते तरंगत येऊन अझोर्स बेटांतील लाजेस येथे टेकले. आतील ३०६ माणसांपैकी कोणी लिस्बनला उशीर झाल्याबद्दल हळहळले असेल, असे वाटत नाही. नैतिक प्रश्न उभा राहतो तो निराळ्या ठिकाणी. कोणा एका अनोळखी माणसाच्या छातीत कळ येते, आणि त्या एकासाठी तीनशे जण गूस बे किंवा शॅनन येथे उतरविले जातात. या तीनशेंचे काय? वैमानिक काही उठल्यासुटल्या विमान खाली आणीत नाहीत. सुमारे सहाशे उड्डाणांमागे एकदा असा आजाराचा प्रसंग येतो, आणि तशा शंभर प्रसंगांपैकी साधारण सातांतच विमान वळवावे लागते, असे २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणीत आढळले. तथापि त्या सातांतला उतारू आपणच असलो, तर ही टक्केवारी आपले समाधान करू शकत नाही.

हिशेबी मनुष्य म्हणेल, तीनशे माणसांचे प्रत्येकी पाच तास म्हणजे दीड हजार तास झाले; एका जिवासाठी, तोही कदाचित वाचणार नाही अशा जिवासाठी, इतका खर्च न्याय्य आहे काय? हा हिशेब ऐकावयास बिनतोड वाटतो, परंतु त्यात एक लबाडी आहे. ते दीड हजार तास भोगणारा मनुष्य त्या विमानात कोणीच नसतो. पाच तास मी भोगतो, पाच तास माझा शेजारी भोगतो. माझे तास त्याच्या अंगात जाऊन साठत नाहीत. रुपयांची बेरीज होते, कारण ते एका थैलीत पडतात. दुःखाला तशी थैली नाही. मरण मात्र सबंधच्या सबंध एकालाच येते. म्हणून तुलना करावयाची ती त्या राशीशी नव्हे, तर कोणाही एका उतारूच्या पाच तासांशी; आणि ती केली की वाद राहत नाही.

तरीही एक खडा दाताखाली येतोच. त्या तीनशेंत एखादा मुलगा न्यू जर्सीहून लंडनमार्गे पुण्याकडे, बापाचे शेवटचे दर्शन व्हावे म्हणून निघालेला असतो. त्याचे पाच तास म्हणजे पाच तास नव्हेत. त्याचा तोटा कोणत्याही बेरजेतला नसून त्याच्या एकट्याचा आहे. सबब वरील युक्तिवादाने त्याला गप्प बसविता येत नाही. वैमानिकाला त्याची कहाणी ठाऊक नसते. ती ठाऊक असती तरी त्याने विमान वळवावयासच हवे होते, असे माझे मत आहे. भेट हुकणे आणि जीव जाणे यांत अंतर आहे. परंतु निर्णय योग्य ठरला म्हणून त्या मुलाची हानी नाहीशी होत नाही. ज्याचे नुकसान योग्य कृत्याने झाले, त्याला ‘इलाज नव्हता’ एवढे सांगून वाटेला लावण्याची आपल्याला सवय आहे. ज्यांचे खरोखरच नुसते पाच तास गेले, त्यांनी पुढल्या विमानाच्या रांगेत आपली जागा त्याला द्यावी, एवढे तरी त्याचे त्यांच्याकडे देणे लागते.

विमानाबाबत अखेरचा अधिकार आंतरराष्ट्रीय नियमांनी वैमानिकाला दिला आहे. उतारूंचे मत घेतले जात नाही, हे एका अर्थी बरेच आहे. आपल्यापैकी कितीकांचे हात वर झाले असते, हे न कळणेच बरे! कारण सोयीचा हट्ट माणसाला कोठवर नेतो, याचे मासले आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये मायामीहून पॅरिसला निघालेले विमान बॉस्टनला उतरवावे लागले, ते पुढच्याने आसन मागे कलविल्यावरून झालेल्या भांडणामुळे. मार्च २०२५ मध्ये शिकागोहून दिल्लीकडे निघालेले एक विमान सुमारे दहा तास आकाशात घालवून पुन्हा शिकागोलाच परतले. त्याच्या बारांपैकी आठ शौचकूप तुंबले होते, आणि नळांतून निघाल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या व कपडे. आजाऱ्यावर चिडणारे आपण अशांना मात्र ‘काय लोक असतात’ म्हणून हसून सोडून देतो. आजाऱ्याने काही मागितलेले नसते. यांनी सर्वांच्या सोयीतून आपला वाटा न विचारता उचललेला असतो.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश एकाएकी बंद झाले, तेव्हा ३८ मोठी विमाने न्यूफाउंडलंडमधील गँडर येथे उतरविण्यात आली. सुमारे दहा हजार वस्तीच्या गावात साडेसहा हजारांवर पाहुणे! कित्येकांना तर आधी विमानातच रात्र काढावी लागली होती. शाळांच्या बसगाड्यांचे चालक संपावर होते, ते संप बाजूस ठेवून कामावर आले. बर्फावरच्या हॉकीच्या क्रीडागाराचे अन्न साठविण्याचे कोठार झाले. आजूबाजूच्या गावांतून शाळा व चर्चे उघडली गेली आणि लोकांनी आपली न्हाणीघरेही मोकळी करून दिली. पुढे तेथून निघालेल्या एका विमानातील उतारूंनी त्या भागातील मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभारण्याचे ठरविले, आणि त्याची पहिली वर्गणी घातली गेली ती परतीच्या वाटेवर आकाशातच, त्याच अरुंद आसनांवर बसून.