राखण की पहारा?

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन देवालाच उलट विचारतो, की आपण काय भावाचे राखणदार आहोत? अनुवादकाला हे वाक्य सुखाने झोपू देत नाही. मूळ हिब्रू शब्द ‘शोमेर’. त्याचाच धातू एदेन बागेची निगा राखण्याच्या आज्ञेत येतो, आणि रात्री नगरात फिरणाऱ्या पहारेकऱ्यांनाही तोच लागतो. मराठीत मात्र आपण शेत राखतो, मूल जपतो आणि कैद्यावर पहारा ठेवतो. भाऊ व्यसनात बुडाला म्हणजे यांतले कोणते क्रियापद आपले?

हा प्रश्न मला अंबत्तूर येथे भेटला. चेन्नईच्या पश्चिमेकडील या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका मराठी गृहस्थाचा धाकटा भाऊ वेदनाशामक गोळ्यांच्या नशेत सापडला होता. थोरल्याने तीन वेळा त्याचे कर्ज फेडले, मालकाला काविळीचे निमित्त सांगितले, गावी आईला काही कळू दिले नाही. रोज रात्री तो धाकट्याचे खिसे चाचपून पाही. शेजारी त्याला आदराने ‘अण्णा’ म्हणत. हा शब्द तमिळ आणि मराठी दोन्ही भाषांत थोरल्याच्याच वाट्याला यावा, याचे मला तेव्हा वाईट वाटले. चौथ्यांदा सावकार दारात आला तेव्हा त्याने विचारले, “काका, आता नाही म्हटले तर मी काइन ठरेन काय?”

झटकन उत्तर देणे मला जमले नाही. पैसे दिले तर व्यसनाची किंमत व्यसनी सोडून इतर सारे मोजत राहतात, आणि उपचाराची निकड त्याला कधी जाणवतच नाही. पण दार लावून घेणे हेही निर्धोक नाही. अफूवर्गीय औषधे काही काळ बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. ‘त्याला एकदा चांगला धडा मिळू दे’ असे सांगणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. तो धडा शेवटचाही असू शकतो.

याच चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पती टी. टी. रंगनाथन यांना मद्यासक्तीमुळे १९७९ साली गमावले, आणि १९८० साली अड्यार भागात त्यांच्या नावाने उपचारकेंद्र उभारले. तेथे कुटुंबीयांसाठीही स्वतंत्र कार्यक्रम असतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनी व्यक्तींच्या पत्नींचा ‘सहचरी’ हा गट आहे. घरातील निरोग्यांनाही उपचार लागतो, ही कल्पना प्रथमदर्शनी अपमानास्पद वाटते. आमच्या अण्णालाही वाटली. “मी काय गोळ्या खातो?” तो म्हणाला.

तरी तो भावाला घेऊन एका उपचारकेंद्रात गेला, आणि तेथे कुटुंबीयांच्या बैठकीत बसला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो सर्वांदेखत बोलून गेला, की कित्येक रात्री भाऊ मरावा अशी इच्छा त्याच्या मनात आली होती. मला ही हकिकत सांगताना त्याने मान वर केली नाही. मी त्याचा निषेध केला नाही, आणि आजही करणार नाही. काइनाच्या मनात जे दडून राहिले, ते याने उजेडात ठेवले. माझ्या मते दोघांमधील अंतर तेवढेच आहे, परंतु तेवढे पुष्कळ आहे.

सावकाराला त्याने पैसे दिले नाहीत. भावाचे ताट आणि अंथरूण मात्र कायम ठेवले. उपचारानंतर पाच महिन्यांनी धाकटा पुन्हा एकदा घसरला. तेव्हा कारखान्यात खोटे निमित्त सांगायला थोरल्याने नकार दिला, आणि त्याच दुपारी रजा टाकून त्याला पुन्हा केंद्रात पोचवून आला. खिसे तपासणे त्याने सोडले. पहिले काही आठवडे त्यामुळे त्याला झोप लागत नसे.

कर्ज अजून फिटलेले नाही. धाकटा आता एका वर्कशॉपमध्ये जातो आणि स्वतःच्या पगारातून हप्ता भरतो. गेल्या महिन्यात हप्ता चुकला, तेव्हा सावकार सवयीने थोरल्याकडेच आला होता. अण्णाने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि भाऊ संध्याकाळी सहा वाजता येतो असे सांगितले.