तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही

॥ जय सद्गुरू ॥



गुरुपौर्णिमा जवळ आली की बहुतेक केंद्रांतून एकच सूर ऐकू येतो, "यंदा माणसं कमी पडतायत हो." ज्येष्ठ सेवेकरी थकले, मुलं नोकरीसाठी बाहेरगावी गेली, हे खरंच आहे. पण मागच्या वर्षी पहाटेपासून राबलेलं एखादं कुटुंब यंदा फिरकतही नाही, त्याचं काय? विचारलं तर "वेळ नाही" एवढंच म्हणतात. आत कुठेतरी काहीतरी लागलेलं असतं. ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आपणही कधी विचारलं नाही.

संस्था उभी करणं एक वेळ सोपं. पहिल्या वर्षाचा उत्साह सगळ्यांकडे असतो. दहाव्या, पन्नासाव्या वर्षी तीच सेवा तितकीच नेटकी व्हायला काय लागतं? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. माउलींची पालखी बघावी.

या सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकर यांनी, १८३२ च्या सुमारास. सातारा भागातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. लष्कराची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती, ती त्यांनी भक्तीच्या कामी लावली. सोहळ्यासाठी घोडे आणि तंबू दिले ते अंकलीच्या शितोळे सरदारांनी. हे अंकली बेळगाव जिल्ह्यातलं. माउलींचे अश्व आजही तिथूनच आळंदीला येतात. म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या आणि बेळगावच्या मंडळींनी तर ही शिस्त आपल्या घरचीच समजावी.

पालखीबरोबर लाखो माणसं चालतात. पाणी, दवाखाना, बंदोबस्त यांची व्यवस्था सरकार आणि वाटेवरचे गावकरी करतात. पण चालणाऱ्यांना ना पगार, ना नेमणुकीचं पत्र. तरी गोंधळ का होत नाही? कारण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक. दिंडीतही पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी, आणि तुळस डोक्यावर घेतलेल्या माउल्या. सकाळी कर्णा वाजला की कुणी कुणाला "चला, चला" म्हणत नाही. आपली जागा कुठे, हे ज्याला-त्याला ठाऊक असतं.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती संध्याकाळची समाज आरती. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार आपला चोप उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर ती मात्र टाळ वाजवतच राहते. एवढ्या शांततेत तो एकच टाळ! मग चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात आणि तिथल्या तिथे निवाडा होतो. हरवलं-सापडलं सांगितलं जातं, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

बघा हं, किती विचार आहे यात. तक्रार करणाऱ्याला कुणी "आरतीच्या वेळी काय हे" म्हणून दटावत नाही. त्याला पुढेही बोलावत नाहीत, ऐकणारा त्याच्यापर्यंत चालत जातो. आणि आजचं आजच मिटतं, रुसवा उद्याच्या मुक्कामाला जात नाही. प्रत्येक निवाडा आपल्या मनासारखा होईलच असं नाही. पण ऐकून घेतल्यावर माणूस निमूट चालू लागतो. न ऐकलेला माणूस मात्र मनातून दिंडी सोडून देतो.

आणखी एक. रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याची पाठ रिकामी. त्या पाठीवर बसायचा अधिकार कुणाचाच नाही. आपल्याकडे वाद कशावरून होतात? माइक कुणाकडे, हार कुणी घालायचा, फोटोत कोण. सद्गुरूंची जागा सद्गुरूंचीच, एवढं मनात पक्कं असलं की हे प्रश्न उरतच नाहीत. ज्यांनी हा सगळा सोहळा बांधला त्या हैबतबाबांची आठवण आळंदीला कुठे जपली आहे? महाद्वारातल्या पायरीत! संस्था टिकते ती अशी पायरी व्हायची तयारी असलेल्या माणसांवर.

तर यंदा आपणही एवढं करूया. प्रत्येक सेवेला एक नाव ठरवून द्यायचं, स्वयंपाकापासून चपला सांभाळण्यापर्यंत. ज्याची सेवा त्यानेच करायची, दुसऱ्याने त्यात मधे-मधे करायचं नाही. आणि साप्ताहिक नामस्मरणानंतर, आरतीपूर्वी पाच मिनिटं केंद्रप्रमुखांनी विचारायचं, "कुणाचं काही राहिलंय का?" जे असेल ते तिथेच बोलायचं, तिथेच मिटवायचं. नंतर ग्रुपवर नको आणि जिन्यात तर मुळीच नको. जे येईनासे झालेत त्यांना मेसेज पाठवून भागणार नाही. चोपदारांसारखं त्यांच्या दारी जायचं, बसायचं, ऐकायचं.

हाच नेम घरीही लावून बघा. सांजवात लावण्यापूर्वी सुनेला, मुलाला, सासूबाईंना एकदा विचारावं, "आज काही बोलायचं राहिलं का?" घर हीसुद्धा एक दिंडीच आहे. तिथला वाजत राहिलेला टाळ आपल्याला ऐकू आला, तर केंद्रातलाही येईल.

आषाढी एकादशीनंतर चारच दिवसांनी गुरुपौर्णिमा. त्या दिवशी सद्गुरूंपुढे फुलं, फळं, दक्षिणा आपण ठेवूच. त्यासोबत एक परत आणलेला गुरुबंधू नेता आला, तर महाराजांना त्याहून वेगळं काय हवं?

॥ श्री सद्गुरुचरणी अर्पण ॥ 🌺