बोटाला कळणारी खूण

पाचशेची नोट घ्या, डोळे मिटा आणि तिच्या आखूड कडेवरून अंगठा फिरवा. नोट कोरी असेल तर पाच तिरप्या, उठावाच्या रेघा लागतील. शंभराच्या नोटेवर चार. दोनशेच्या नोटेवरही चारच, पण मध्ये दोन वर्तुळं. आमच्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तरी या रेघा कशाला असं विचारलं तर बहुतेक नाशिककर 'नक्षी असेल' म्हणून मोकळे होतील. त्या अंधांसाठी आहेत. हाताळून मऊ पडलेल्या नोटेवर त्या नीट लागत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण नोट छापतानाच कुणीतरी न पाहणाऱ्या बोटाचा विचार केला होता, हेही खरं.

हीच नोट खात्यात जमा होते, खातं मोबाइलच्या पडद्यावर जातं आणि तिथे खूण हरवते.

सातपूरकडे राहणारा माझ्या ओळखीचा एक तरुण जन्मांध आहे. त्याच्या संगणकाचा मॉनिटर बंदच असतो. 'वीजबिल वाचतं,' म्हणतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, तोही इतक्या वेगाने की शेजारी बसून मला एक शब्द कळत नाही. एच दाबला की तो पुढच्या मथळ्यावर उडी मारतो, के दाबला की पुढच्या लिंकवर. बातम्यांचं पान त्याचं माझ्याआधी चाळून होतं. अंध माणूस इंटरनेट वापरतो म्हणजे बिचारा कसाबसा वापरत असणार, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

मग त्याने एका परीक्षेचा अर्ज उघडला. आवाज म्हणाला, 'बटन. बटन. बटन.' बनवणाऱ्याने सुबक चित्रं काढली होती, पण त्यांना नावं दिली नव्हती. पुढे 'एडिट, ब्लँक'. इथे स्वतःचं नाव लिहायचं की वडिलांचं? अंदाजाने भरत तो खालपर्यंत आला, तर तिथे वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची होती. ऐकण्याची सोय नव्हती. थोड्या वेळाने सत्र संपलं आणि सगळं पुसलं गेलं. शेवटी शेजारच्या मुलाला बोलावून त्याच्या हाती आधार क्रमांक, पासवर्ड आणि ओटीपी दिला. ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून आपल्याला रोज बजावलं जातं. याला मात्र तो सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि आपण त्याला 'मदत' म्हणतो.

चीड येते ती अशासाठी, की वेब मुळात शब्दांचं. छापील पुस्तक अंधाला वाचता यायचं तर आधी ते ब्रेलमध्ये उतरवावं लागे किंवा कुणीतरी वाचून दाखवावं लागे. वेबपानाला यातलं काही लागत नाही. एनव्हीडीए २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केला आणि तो फुकट मिळतो. पान कसं बांधावं याचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून लिहून ठेवलेले आहेत. बटनाला नाव देणं हे एका शब्दाचं काम. तरीही वेबएम या संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्राने तपासली, तेव्हा ९५.९ टक्के पानांवर दोष निघाले. म्हणजे खुणेची वाट बंद नव्हती. आपणच ती बुजवली.

मराठीत तर आणखी एक थर चढतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला 'क' आपल्याला 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी 'डी' असतो. स्क्रीन रीडर बिचारा प्रामाणिक. तो डीच वाचतो. छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून चढवलेलं परिपत्रक त्याच्यासाठी कोरं पान. आणि पान मराठी आहे असं आतून सांगितलेलंच नसेल तर कधी हिंदी आवाज पुढे होतो आणि 'चुली'तला च 'चिमणी'तल्यासारखा उच्चारतो. मराठीच्या अभिमानाची भाषणं करणाऱ्यांनी हे पाच मिनिटं ऐकावं.

कायद्याची वाण नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. राजीव रतुडी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयाने, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर, डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून दाखवा, चेहरा चौकटीत आणा, असं सांगणारं केवायसी ज्यांना जमत नाही त्यांचं काय, हा तिथला साधा प्रश्न होता.

माझा भरवसा मात्र निकालापेक्षा बिलावर आहे. कंत्राटदाराचं शेवटचं बिल अंध वापरकर्त्याने ते संकेतस्थळ स्वतः चालवून पाहिल्यावरच निघेल, एवढी अट निविदेत घातली तर बटनांना आठवड्यात नावं फुटतील. तपासायला माणूस कुठून आणायचा, हे नाशिकने तरी विचारू नये; अंधांसाठी काम करणाऱ्या 'नॅब' या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचं कार्यालय याच शहरात आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने नवी ॲप निघतील, त्यांच्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

आणि तुमच्या-माझ्यापुरतं सांगायचं, तर सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या पाणी येणार नाही' या कागदाचा फोटो टाकाल तेव्हा त्याखाली तेच चार शब्द टाइपही करा. फोटो ऐकू येत नाही.