होकाराचे पावित्र्य

नाझरेथच्या कुमारिकेपुढे देवदूत आला, त्याने आपला निरोप सांगितला आणि तो उत्तरासाठी थांबला. लूकच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग शिकवताना सेमिनरीतील आमच्या एका वृद्ध प्राध्यापकांनी आमचे लक्ष त्या थांबण्याकडे वेधले होते. कोणालाही न विचारता ज्याने विश्व निर्माण केले, त्याने माणसाच्या घरात प्रवेश करताना मात्र विचारले. मरियेने शंका काढली, तिचे निरसन झाले आणि मगच तिने होकार दिला. माणसाचा होकार इतका पवित्र आहे की, प्रत्यक्ष परमेश्वरही तो गृहीत धरत नाही.

हा धडा आम्ही कित्येकदा प्रवचनातून सांगितला आहे. तो आमच्या पचनी मात्र पडला नव्हता, हे एका घरगुती संगणकाने आम्हांला दाखवून दिले.

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त गृहस्थ एका संध्याकाळी कार्यालयात आले. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा आखाती देशात नोकरीला. सून आणि शाळकरी नात घरी. मुलाशी समोरासमोर बोलता यावे म्हणून त्यानेच घरात संगणक घेऊन दिलेला. गेले काही महिने त्या संगणकाच्या पडद्यावर आपोआप जाहिराती उघडत होत्या. कधी लॉटरीच्या, कधी औषधांच्या, तर कधी अत्यंत ओंगळ चित्रांच्या. एक बंद करावी, तर दोन नव्या उभ्या राहत. एके दिवशी नात शाळेचा अभ्यास करीत असताना तिच्यासमोर असेच एक चित्र उघडले. सुनेने शब्दही उच्चारला नाही. पण त्या दिवसापासून नातीला आजोबांच्या खोलीत एकटे बसू देणे तिने बंद केले.

“फादर, मी असलं काही बघत नाही. तुम्ही एकदा सुनेला सांगा,” एवढेच त्यांचे मागणे होते.

आम्ही काय केले? म्हातारपणीच्या एकटेपणातून मोह कसे उद्भवतात, हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. डोळ्यांच्या संयमाविषयी चार शब्द बोललो. प्रायश्चित्त संस्काराने मन हलके होईल, असेही सुचवले. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि उठून गेले. ते आमच्याकडे पापनिवेदनासाठी आले नव्हते, कार्यालयात आले होते. आणि आज हे सारे आम्ही त्यांच्या अनुमतीनेच लिहीत आहोत.

पुढे महिन्याभरातच परमेश्वराने आमची परीक्षा घेतली. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रे एकत्र जोडण्यासाठी आम्हांला एक प्रोग्राम हवा होता. तो फुकट मिळतो असे कळले. आम्ही तो उतरवून घेतला आणि ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’ अशी बटणे दाबत मोकळे झालो. काही दिवसांनी एक तरुण आणि एक तरुणी आपल्या लग्नाच्या नोंदणीसाठी आमच्यासमोर बसली होती. पडदा त्यांच्याकडे वळवून आम्ही त्यांना अर्जातील नावे तपासायला सांगितली आणि नेमके त्याच क्षणी त्या वृद्धाने वर्णन केले होते तसेच एक चित्र पडद्याच्या मधोमध उघडले. ती दोघे खाली फरशीकडे पाहू लागली. ‘आम्ही असले काही पाहत नाही’ हे वाक्य आमच्याही ओठांवर आले आणि तेथेच गोठले. ते वाक्य आम्ही यापूर्वी ऐकले होते, आणि त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

धर्मग्रामातील एक तरुण संगणक दुरुस्त करतो. त्याला बोलावले, तेव्हा या प्रकाराची उकल झाली. न मागता उघडणाऱ्या जाहिरातीच्या खिडकीला पॉप-अप म्हणतात आणि अशा खिडक्या उघडत राहण्यासाठी संगणकात ठाण मांडून बसलेल्या प्रोग्रामला अ‍ॅडवेअर. हा पाहुणा पुढच्या दाराने क्वचितच येतो. एखाद्या उपयुक्त आणि फुकट प्रोग्रामच्या पाठीवर बसून तो आत शिरतो. ‘शिफारस केलेली पद्धत’ स्वीकारली की, सोबतचे सारे बिऱ्हाड आत येते. ‘स्वतः निवडा’ म्हटले, तर काही चौकोनांत आधीच बरोबरची खूण केलेली आढळते. ती खूण पुसण्याचे कष्ट आपण घेणार नाही, या भरवशावरच हा व्यापार चालतो. दुसरा मार्ग सूचनांच्या परवानगीचा. एखादे पान ‘परवानगी द्या’ असे म्हणते. ती एकदा दिली की, ते पान मिटल्यावरही त्याचे निरोप पडद्याच्या कोपऱ्यात येतच राहतात. जितक्या संगणकांत शिरकाव, जितक्या जाहिराती नजरेस पडतील, तितके पैसे कुणाच्या तरी खिशात जमा होतात.

या खिडकीचा जन्मही विचार करण्याजोगा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी पॉप-अप उघडणारी आज्ञावली लिहिली. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील विषयाच्या पानावर झळकली होती आणि ती कंपनी नाराज झाली होती. जाहिरातदाराचे नाव अशा पानाशी जोडले जाऊ नये, म्हणून जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडण्याची युक्ती निघाली. २०१४ साली ‘द अटलांटिक’ या अमेरिकन नियतकालिकात झुकरमन यांनी याबद्दल जाहीर क्षमा मागितली. आपला हेतू चांगला होता, असेही त्यांनी नमूद केले. लेखाच्या शीर्षकात ‘मूळ पाप’ असा शब्दप्रयोग होता. एका कंपनीची अब्रू ओंगळ पानापासून दूर ठेवण्यासाठी काढलेल्या युक्तीने पुढे आमच्या धर्मग्रामातील एका आजोबांची अब्रू त्यांच्याच घरात घालवावी, याला काय म्हणावे?

येथे नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. ‘मान्य आहे’ हे बटण तर आम्हीच दाबले होते. मग तक्रार कशाची?

होकाराच्या अभावाचे तीन प्रकार आम्हांला दिसतात. पहिल्यात होकार मुळी विचारलेलाच नसतो. लेनोव्हो कंपनीने २०१४ मध्ये विकलेल्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम आधीच बसवलेला होता. त्यामुळे सुरक्षित म्हणवणाऱ्या व्यवहारांचे कुलूपही कमकुवत झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी कंपनीला तडजोड करावी लागली. दुसऱ्या प्रकारात होकार चोरलेला असतो. झँगो या कंपनीने ग्राहकांची पुरेशी संमती न घेता अ‍ॅडवेअर बसू दिले आणि ते काढणेही अवघड करून ठेवले, असा आरोप याच आयोगाने ठेवला होता. २००६ मध्ये त्या कंपनीने ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. तिसरा प्रकार आमचा : होकार मागितला गेला, आणि आम्ही तो न वाचता देऊन टाकला.

लग्नाच्या नोंदणीसाठी येणाऱ्या वधूवरांना आम्ही एकेकटे बसवून विचारतो, ‘हा निर्णय तुझा स्वतःचा आहे ना? कुणाचा दबाव नाही ना?’ संमतीनेच विवाह घडतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १०९८ वे कलम तर असे सांगते की, वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटू शकेल अशा एखाद्या गुणाविषयी, संमती मिळवण्याच्याच हेतूने फसवणूक झाली असेल, तर तो विवाह ग्राह्य ठरत नाही. वेदीपुढे उच्चारलेला होकारही कपटाने पोकळ होतो, तर मग बारीक अक्षरांच्या आड दडवून मिळवलेल्या होकाराला किती वजन द्यावे? अर्थात बटणाची विवाहाशी तुलना आम्ही जपूनच करतो. परंतु तत्त्व एकच आहे. ज्याला ठाऊक आहे की समोरच्याला कळले असते तर त्याने नकार दिला असता, आणि म्हणूनच जो त्याला कळू देत नाही, त्याने होकार मिळवलेला नसून हिरावलेला असतो. आपल्या देशातही २०२३ साली ग्राहक संरक्षणासाठी अशा फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत १३ प्रकार नोंदवले आहेत. व्हॅटिकनने १९९७ साली जाहिरातींच्या नीतिमत्तेविषयी जो दस्तऐवज काढला, त्याचे आधार तीन होते : सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि समाजाप्रती जबाबदारी. न विचारता उघडणारी खिडकी या तिन्हींचा एकाच वेळी भंग करते.

म्हणून आम्ही निर्दोष ठरतो का? नाही. दूर करता येण्याजोगे आणि दूर करायलाच हवे असे अज्ञान माणसाला पूर्णपणे मोकळे करीत नाही, असे संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी शिकवले आहे. आमच्यापुढे मजकूर होता, वाचता येत होता, वेळही होता. ‘फुकट’ या शब्दाने आमची सावधगिरी झोपी गेली. चोराचा अपराध मोठा खराच. पण दाराची कडी उघडी कुणी ठेवली, याचे उत्तर घरधन्याला द्यावेच लागते.

त्या तरुणाने संगणक स्वच्छ केला, तेव्हा आम्ही शेजारी बसून पाहत होतो. आधी त्याने बसवलेल्या प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावली आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेली अनोळखी नावे काढून टाकली. मग ब्राउझरला चिकटलेली जोडकामे तपासली. सूचनांची परवानगी कुणाकुणाला दिली आहे ती यादी उघडून एकेक नाव खोडले. बदललेले मुखपृष्ठ आणि शोधयंत्र पूर्ववत केले. संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्राम पाहिले. शेवटी अ‍ॅडवेअर हुडकणारे एक विश्वासू साधन त्याच्या मूळ ठिकाणावरून आणून चालवले. “फादर, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी खिडकी आली, तर फोन करायचा नाही. तीच खरी लबाडी,” असे त्याने बजावले. मेंढराचे कातडे पांघरलेल्या लांडग्याविषयी प्रभूने दिलेला इशारा आम्हांला आठवला. या साऱ्या क्रमात आम्हांला आत्मपरीक्षणाची रीतही दिसली : काय आले, केव्हा आले, कोणत्या दाराने आले, आणि ते दार आम्ही कशासाठी उघडले?

झाडून स्वच्छ केलेल्या घरात गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात सोबती घेऊन परततो, हा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे. नुसते काढून टाकणे पुरत नाही. सवय पालटावी लागते. आता आम्ही वाचतो, आणि कळले नाही तर ‘नाही’ म्हणतो. आपले होय ते होय आणि नाही ते नाही असावे, ही प्रभूची आज्ञा बटणांनाही लागू आहे.

एक हिशेब मात्र उरला होता. मोहाची सूचना, तिच्यात रमणे आणि तिला संमती देणे या तीन पायऱ्या संत ऑगस्टीन यांनी वेगळ्या दाखवल्या आहेत. सूचना हे पाप नव्हे. पाप संमतीत असते. सेमिनरीत हे आम्ही पाठ केले होते. शेजाऱ्याच्या बोलण्याचा शक्य तितका चांगला अर्थ घ्यावा आणि तो लागत नसेल, तर त्याला काय म्हणायचे आहे ते विचारावे, असे संत इग्नेशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभीच लिहून ठेवले आहे. आम्ही विचारले नव्हते. न विचारता आम्ही एका सज्जनाच्या माथी पाप लावले होते. अ‍ॅडवेअरने त्यांच्या घरात जे केले, तेच आम्ही आमच्या कार्यालयात केले.

त्या तरुणाला घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. परवानगीच्या यादीत अनेक अनोळखी नावे निघाली. जुन्या भक्तिगीतांची ध्वनिमुद्रणे शोधताना एका पानाने पुढे जाण्यासाठी बटण दाबायला सांगितले होते. बटणावरचा शब्द इंग्रजी होता आणि तो त्यांना समजला नव्हता. तरुणाने ती यादी सुनेला दाखवली, सारा प्रकार समजावून सांगितला. आम्ही तिच्यासमोर आजोबांची क्षमा मागितली. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने आतून मुलीला हाक मारली आणि म्हणाली, “जा, आजोबांजवळ बस.”

निघताना ते गृहस्थ आम्हांला अंगणापर्यंत पोचवायला आले. रागाचा लवलेश नव्हता. फाटकाशी थांबून ते एवढेच म्हणाले, “फादर, त्या दिवशी तुम्ही मला एकदा विचारलं असतं, तर बरं झालं असतं.”