गरजांच्या उतरंडीतून निसटलेला भाडेकरू

पावसाळा तोंडावर आला की कल्याण-डोंबिवली महापालिका धोकादायक आणि अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. यादीपाठोपाठ एक शेरा हमखास येतो: या लोकांना जिवाची पर्वा नाही, फुकटच्या फ्लॅटची हाव आहे. शेरा मारणारा जरा शिकलेला असला तर तो हेच मानसशास्त्रज्ञ मॅस्लोच्या तोंडून वदवतो. सुरक्षितता ही माणसाची पायाभूत गरज. ती झुगारून कोणी पडक्या घरात राहत असेल, तर त्याचं डोकंच ठिकाणावर नाही!

निदान याच महापालिकेच्या हद्दीतल्या ठाकुर्लीत तरी हे बोलू नये. जुलै 2015 मध्ये इथल्या चोळेगावातली मातृकृपा इमारत कोसळून 9 जणांचा जीव गेला. त्यानंतर जुन्या इमारतीत राहण्यात काय धोका आहे, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तरीही माणसं राहतात.

अब्राहम मॅस्लोने 1943 च्या निबंधात गरजांची उतरंड मांडली. व्यवस्थापनाच्या वर्गात भिंतीवर झळकणारा पिरॅमिड त्या निबंधात नाही, तो पुढे इतरांनी काढला. हा क्रम ताठर नसतो, काहींच्या बाबतीत उलटाही असतो, हे मॅस्लोने स्वतःच लिहून ठेवलं आहे. तेव्हा माझं भांडण त्या चित्राशी नाही. ते काढून टाकल्यावरही जी कल्पना उरते तिच्याशी आहे: माणूस हलतो तो उणिवेमुळे.

अशा इमारतीतलं एखादं स्वयंपाकघर पाहा. स्लॅबचे पोपडे पडून गंजक्या सळया उघड्या पडलेल्या, मध्ये लोखंडी टेकू, आणि त्या टेकूलाच बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी. आतल्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत भाडेपावत्या, लाइटबिलं, रेशनकार्ड. टेकू एक, पिशवी दुसरी. आणि माणूस जास्त जपतो ती पिशवी. उतरलो खाली, तर परत वर कोण घेणार, हा त्याचा प्रश्न असतो.

मॅस्लोचा कैवारी म्हणेल, हक्क टिकवणं हीही सुरक्षिततेचीच गरज. मॅस्लोने कायमची नोकरी, बचत खातं, विमा हे सगळं त्याच खान्यात टाकलं होतं. ठीक. म्हणजे घर सोडलं ते सुरक्षिततेसाठी, नाही सोडलं तेही सुरक्षिततेसाठी. जे उत्तर दोन्ही वागण्यांना लागू पडतं, ते एकाचंही कारण सांगत नाही. बरं, खाना फोडून जिवाची सुरक्षितता वेगळी आणि हक्काची वेगळी केली, तर जीव खाली आणि हक्क वर ठेवावा लागतो. मग हा भाडेकरू पुन्हा वेडाच ठरतो.

माणूस बक्षीस-शिक्षेने हलतो म्हणणाऱ्यांकडे नळ आणि वीज तोडण्यापलीकडे उपाय नाही. मानसशास्त्रज्ञ कानमन आणि त्वर्स्की यांनी 1979 मध्ये गमावण्याचं दुःख कमावण्याच्या सुखाहून जड असतं हे दाखवलं, पण बहुतांशी पैजांच्या आधारे. आणि पैज नाकारता येते, घर जाण्याची धास्ती नाही.

माझ्या मते भेद करायचा तो नसलेल्या गोष्टीची ओढ आणि असलेली जाण्याची धास्ती यांत. पहिली भागवली की शमते. दुसरी भागवताच येत नाही. तिला फक्त हमी देता येते. याच ठाकुर्लीत चोळा पॉवर हाऊस या जुन्या वीजकेंद्राच्या काळापासून रेल्वेची वस्ती आहे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं, हे तिथे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. डोक्यावर छप्पर ते सोडणाऱ्या कर्मचाऱ्यालाही हवं, पागडी देऊन खोली घेतलेल्या भाडेकरूलाही हवं. गरज मोजून या दोघांतला फरक सापडणार नाही; तो असलेलं जाण्याच्या धास्तीत आहे.

इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच दिला आहे. पण निकाल दिल्लीत, आणि हक्क शाबीत करायची पिशवी भाडेकरूच्या कपाटात. अनधिकृत इमारतीत तर पिशवी असूनही फारसा उपयोग नाही, हे मान्य; तिथे माझ्या भेदातून प्रश्न कळतो, सुटत नाही. निदान अधिकृत इमारतींपुरतं एवढं करा: नोटीस चिकटवायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात टेप द्या, खोली मोजू द्या आणि राहणाऱ्याचं नाव व क्षेत्रफळ लिहिलेला सही-शिक्क्याचा दाखला नोटिशीच्या आधी त्याच्या हातात ठेवा. त्यानंतरही तो उतरला नाही, तर खुशाल त्याला हावरा म्हणा.