दवाखान्याचा वारसा

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. आणि उसाचे बिल बँकेत जमा होईपर्यंत जेथे किराण्यापासून औषधापर्यंतचे व्यवहार वहीवर चालतात, तेथे एखादा डॉक्टर अकाली निवर्तला असता त्याच्या पत्नीच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. कारखान्याच्या भागाचे सोपे आहे. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 30 अन्वये मयत सभासदाचा भाग नॉमिनीच्या, तो नसल्यास वारसाच्या नावे होतो. नॉमिनी म्हणजे मालक अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीच्या वादात, कंपनीच्या समभागांचीही मालकी निव्वळ नॉमिनेशनने मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले.

दवाखान्याची गोष्ट निराळी. मेज, खुर्ची, औषधांचे कपाट ही जंगम मालमत्ता. तिची यादी होते, वाटणीही होते. डॉक्टरची विद्या आणि सनद त्याच्याबरोबर जाते, आणि ते योग्यच आहे. औषधविक्रेत्याच्या पत्नीलाही, स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट असल्यावाचून, 1948 च्या कायद्यामुळे चिठ्ठीवरची औषधे देता येत नाहीत; वकिलाला तर आपल्या फीचा वाटा वकील नसलेल्या कोणालाही देण्याची मनाई आहे. परंतु विद्या आणि लाकूडसामान यांच्या दरम्यान नावलौकिक म्हणून एक तिसरी वस्तू असते, आणि ती एकट्या डॉक्टरने कमावलेली असते असे म्हणणे धाडसाचे आहे. अपरात्री दार उघडणारी, कंपाउंडरचा पगार चुकता करणारी, आणि “उसाचं बिल आलं की भागवतो, वहिनी” असे सांगून गेलेल्या माणसाचे नाव व रक्कम वहीत टिपून ठेवणारी जी स्त्री, तिचे श्रम त्या लौकिकात मुरलेले असतात. कायदा तिला ओळखतो तो केवळ वारस म्हणून.

ही ओळखदेखील सहजासहजी मिळालेली नाही. 1937 चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्काचा कायदा घडवून आणणारे गोपाळराव देशमुख स्वतः मुंबईतील नामांकित शल्यवैद्य होते, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्या कायद्याने विधवेला पुत्राइतका हिस्सा दिला, पण हयातीपुरता. शेतजमीन त्याच्या कक्षेबाहेर राहिली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्याने संस्थानी मुलखाला तो आपोआप लागू नव्हता. पूर्ण स्वामित्व आले ते 1956 साली. तेव्हापासून मृत्युपत्र नसल्यास पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि पतीची आई यांना समान हिस्सा मिळतो. हा न्याय नात्याचा झाला. श्रमाचा हिशेब त्यात कोठेच नाही. तीस वर्षे वही लिहिणारी पत्नी आणि परगावी संसार करणारी मुलगी या दोघी येथे एकाच तराजूत बसतात. वहीतील येणे हादेखील वारसाच. मात्र ऋणको अडून बसला, तर 1925 च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे उत्तराधिकार प्रमाणपत्रावाचून दिवाणी न्यायालय हुकूमनामा देत नाही, आणि अशा येण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. भिडस्त माणसाच्या बाबतीत ही तीन वर्षे दुखवटा आणि कागदपत्रे यांतच सरतात.

व्यवसायाची सनद आणि व्यवसायातील हित यांची फारकत करता येते, हे 1949 च्या सनदी लेखापालांच्या कायद्याने दाखवून दिले आहे. परक्याला फीचा वाटा देणे तेथे गैरवर्तन आहे. परंतु मयत भागीदाराच्या कायदेशीर प्रतिनिधीला तो देण्याची मुभा त्याच कलमात आहे. पत्नीने हिशेबतपासणी करावी असे कोणी म्हणत नाही; पतीने उभ्या केलेल्या पेढीच्या उत्पन्नात तिला काही काळ वाटा असावा, एवढेच. डॉक्टरांना आणि वकिलांना अशी तजवीज का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

जेथे रीतसर भागीदारी असते तेथे 1932 चा भागीदारी कायदा आहे. विरुद्ध करार नसल्यास भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. आणि उरलेल्यांनी हिशेब न मिटवता धंदा पुढे चालविला, तर कलम 37 प्रमाणे मयताच्या वारसांना आपल्या वाट्याच्या भांडवलामुळे झालेला नफा, किंवा त्या वाट्याच्या रकमेवर द.सा.द.शे. 6 व्याज, यांपैकी एक पत्करता येते. नफा सिद्ध करण्यास पेढीचे दप्तर लागते, आणि ते हयात भागीदाराच्या कपाटात असते. सबब बहुतेक विधवा व्याज पत्करतील. तो दर 1932 साली ठरला, आणि आजही 6 च आहे.